तिसऱ्या भट्टीचं चॅनल

मंडळी, आज स्वतःवरच चिडलोय.

देवासच्या एका बेकरी कारखान्यात गेल्या आठवड्यात मी भट्ट्यांचं तापमान मोजणारं मॉड्यूल बसवलं. चार भट्ट्या, चार चॅनल. पहिल्या चॅनलची सेटिंग मी सरळ सगळ्यांवर कॉपी केली. तिसऱ्या भट्टीचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा आहे, हे पाहिलंच नाही.

त्यामुळे स्क्रीनवर तापमान कमी दिसायचं, भट्टी जास्त तापायची आणि टोस्ट जळायचे. भट्टी सांभाळणाऱ्या रमेशभियांनी मला धारला, माझ्या घरी, फोनही केला होता. "भिया, भट्टी तेज चल री है, तुम्हारी स्क्रीन झूठ बोल री है."

मी घरबसल्या सांगितलं, "स्क्रीन सही है, आप ध्यान रखो."

आज जाऊन दोन मिनिटांत सेटिंग बदलली. पण तोवर रमेशभियांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला होता. मॅनेजरना म्हटलं, चूक माझी आहे, मेमो मागे घ्या. ते हसले. "अब ठीक हो गया ना? फाइल में लग गया, छोड़ो साहब."

आता चूक लेखी कबूल करून कारखान्याला पत्र पाठवतोय. पुढचं काम कदाचित मिळणार नाही.

खरं सांगा, तो फोन मॅनेजरचा असता, तर मी त्याच दिवशी धारहून निघालो नसतो का?