बुरशीचं अस्वल

आमचं आडनाव फडके नाही. पण गल्लीत कोणालाही विचारा, "फडक्यांचं घर कुठलं?", बोट आमच्याच दाराकडे. कारण आमच्या ह्यांच्या खांद्यावर सदा न् कदा एक फडकं. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. तिथलं फडकं घरी येतं, घरातलं दुकानात जातं. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून, परत बसवून देतील, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि एका जागी बसणं म्हणून नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा हलत असतो, त्याबरोबर टेबल, आणि टेबलाबरोबर माझं डोकं.

सासरे आमच्याकडे राहायला आले ते रेकॉर्डींची पेटी, रेकॉर्ड प्लेअर आणि खोकला घेऊन. त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत भिंतीला ओल होती, त्यामुळे एकजात सगळ्या रेकॉर्डींच्या लेबलांवर बुरशी. पेटी उघडली की कुबट वास घरभर.

बाबांची आठवण तेव्हा जाग्यावर राहिली नव्हती. मला ओळखायचे, निदान "बाई, चहा" म्हणण्याइतपत. ह्यांना मात्र कधी वीजवाला समजायचे, कधी बँकेतला साहेब. हे दुकानातून आले की चपला काढायच्या आधी विचारणार, "बाबा, मी कोण?" बाबा अगदी सभ्यपणे म्हणणार, "आपण बसा ना." पण हे कसले बसतायत! फडकं घेऊन खिडकी पुसायला लागायचे. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं. दोन्ही एकदम येतं, त्याला काय करणार!

संध्याकाळ झाली की बाबांचं सुरू. दाराची कडी खडखडव, खिडकीशी जा, परत दाराशी ये. "घरी जायचंय मला. मुलगा वाट बघत असेल." त्यावर औषध एकच. ते पेटीशी बसायचे, एकेक रेकॉर्ड वर काढून बघायचे, हवी ती सापडली की स्वतःच्या हाताने लावायचे. डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते. रोज तेच गाणं. ते वाजलं की बाबा खुर्चीत टेकायचे, चार घास पोटात जायचे. मग आम्हीही जेवायचो.

पुढे डॉक्टर म्हणाले, खोकला बुरशीमुळे आहे, पेटी टाकून तरी द्या नाहीतर साफ तरी करा. झालं! ह्यांचे हात शिवशिवतच होते.

काम मात्र नेटकं हं, खोटं कशाला बोलू. तोंडाला फडकं बांधून गॅलरीत बसायचे. आधी कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झटकायची, वारा बाहेरच्या बाजूला असेल तेव्हाच. मग कापसाचा बोळा, नुसता दमट. "चिंब केलास की संपलं," मला बजावायचे, "कागद सुटतो, छपाईचा रंग निघतो." लेबलाच्या कडेला आधी टिपून बघायचं, रंग बोळ्याला लागतोय का. घासायचं नाही, टिपायचं. वर टिपकागद आणि सपाट वजन. एवढं करून बुरशी जाते, तिचा तपकिरी डाग राहतो. तो मऊ खोडरबराने, श्वास रोखून.

"अहो, बुरशी गेली, आता डाग राहू द्या की," मी म्हटलं. "त्या डागाने काय तुमचं घोडं मारलंय?"

"डाग तो डाग."

जित्याची खोड! रोज थोड्या थोड्या करत पेटी होत आली. शेवटी एकच रेकॉर्ड राहिली. खोकलाही खरंच कमी झाला.

त्या संध्याकाळी बाबा पेटीशी बसले. एकेक काढली, बघितली, ठेवली. पुन्हा पहिल्यापासून.

"अस्वल कुठंय?"

"कसलं अस्वल, बाबा?"

"माझं अस्वल! कोणी नेलं?"

मला वाटलं, घ्या, आता हे एक नवीन. तेवढ्यात त्यांच्या हाताला ती साफ करायची राहिलेली रेकॉर्ड लागली. तिच्यावर बोट आपटून ते म्हणाले, "हा कोंबडा. हा नकोय मला. अस्वल!"

मी वाकून पाहिलं. लेबलावर बुरशीचा डाग. तुरा, चोच, शेपूट. अगं बाई, कोंबडाच की! बाबांना अक्षरं लागेनाशी होऊन किती काळ झाला होता. ते डाग वाचत होते. आणि आम्ही, म्हणजे आम्ही कसले, ह्यांनी, अख्खं प्राणिसंग्रहालय पुसून टाकलं होतं. ह्यांचा चेहरा पाहवेना.

गाणं मला माहीत होतं. रोज स्वयंपाकघरातून ऐकलेलं. सुरुवातीला बासरी, आणि दुसऱ्या कडव्यात सुई एकदा टचकन उडते. आम्ही एकेक रेकॉर्ड लावत गेलो. सापडलं! मी तर टाळीच वाजवली. बाबांनी दोन ओळी ऐकल्या, उठले, सुई उचलली, थांबलेल्या लेबलाकडे निरखून पाहिलं.

"फसवता काय मला? ह्याच्यावर अस्वल नाही." आणि गेले दाराशी. कडी खडखड, खडखड.

त्या दिवशी बाबांनी अन्नाला शिवलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. कडी ओढून ओढून बोट सोललं. हे दार अडवून उभे, "बाबा, मी आहे ना! मीच आहे!" आणि बाबा ह्यांनाच म्हणतायत, "बाजूला व्हा हो, माझा मुलगा वाट बघत असेल."

हे एकदम स्वयंपाकघरात आले. "चहा टाक. कोरा, कडक."

ह्या घडीला चहा सुचतो ह्या माणसाला! मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी खिशातून चष्म्याच्या स्क्रूला तेल द्यायचा बारका ब्रश काढला. मी गप्प चहा ठेवला.

ती रोजच्या गाण्याची रेकॉर्ड टेबलावर ठेवून ह्यांनी विचारलं, "बाबा, अस्वल कसं होतं?"

बाबांनी कडी सोडली. "बसलेलं. पाठ आपल्याकडे."

चहाचा पहिला ठिपका देण्याआधी ह्यांनी ब्रश दोनदा फडक्याला पुसला. जन्मभर डाग काढलेल्या माणसाला डाग पाडायचा म्हणजे काय! काढायला गेले अस्वल, झाला बटाटा.

"कान कुठंय?" बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "एक कान मोठा. हां. पोट सुटलेलं पाहिजे. अजून. हात आखडू नका हो!"

मी तोंडावर हात ठेवून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी.

टिपकागदाने टिपून झाल्यावर बाबांनी रेकॉर्ड डोळ्यांजवळ धरली. "आलं," म्हणाले. स्वतः उठून लावली, पुन्हा ह्यांच्या शेजारी येऊन बसले. बासरी सुरू झाली. मग ह्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "फार छान काम केलंत. फक्त एक करा, माझ्या मुलाला दाखवू नका. पुसून टाकील."

ह्यांनी ब्रश खिशात ठेवला. मग म्हणाले, "नाही दाखवत." आणि अगदी बारीक आवाजात, "कसा आहे हो तुमचा मुलगा?"

"गुणी आहे. पण एका जागी टिकत नाही. येतो, मी कोण म्हणून विचारतो, आणि जातो खिडक्या पुसायला. असा तुमच्यासारखा घटकाभर शेजारी बसला असता ना..." सुई टचकन उडली, आणि बाबांचं लक्ष गाण्यात गेलं.

टेबलावर चहा सांडला होता. त्याचा ओघळ हळूहळू कडेकडे चालला होता. मी पाहिला, ह्यांनीही पाहिला. फडकं खांद्यावरच होतं. चहा जमिनीवर ठिबकायला लागला, तरी गाणं संपेपर्यंत हे उठले नाहीत.