गुंतासरांचा चहा

गुंतासरांपुढे चहा ठेवला की ते आधी विचारायचे, "दूध कुठलं?" मग म्हैस कोणाची, ती ढेप-पेंड कुठली खाते, त्या ढेपेची सरकी कोणाच्या वावरातली. तोवर चहावर साय धरायची. कारंज्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्तीनंतर ते गावी परतले होते. गुंतागुंतीचं शास्त्र हा त्यांचा ध्यास, म्हणून हे नाव. ठेवलं मीच. गावाला माझ्याकडून मिळालेली तेवढीच टिकाऊ देणगी.

"जगाचा शाश्वत विकास इथंच अडते," ते म्हणायचे. "एकेक काम बरोबर असते. सारे मिळून काय करतात, ते कोणी पाहत नाही."

शेततळ्यांची योजना आली तेव्हा ग्रामसभेत ते उभे राहिले. "तळ्यात पाणी कुठून येईन?"

"पावसाचं!"

"अन् पाऊस कमी पडला तं?"

"हिरीतून भरू."

"साऱ्याइच्या हिरी खालून एकच हायेत, बाप्पा! गावाची पिण्याची हीर आटली तं काय कराल?"

मागून मी ओरडलो, "सर, तुमाले तळं नाही भेटलं म्हणून पोट दुखून राह्यलं का?" सभा हसली. सरही हसले आणि खाली बसले. तळी मंजूर झाली.

माझं तळं मोटार लावून विहिरीतून काठोकाठ भरलं. त्याच्यासोबत फोटो काढायला गेलो आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरून सरळ आत. त्या गुळगुळीत कागदावर पाय ठरेना. बांधावरून चाललेल्या सरांनी दोर टाकून मला ओढलं, आणि मी खोकत असतानाच विचारलं, "हे पाणी कुठून आलं?"

"हिरीतून."

"अन् हिरीत?"

"सर, आधी मले आंग पुसाले दुपट्टा द्या!"

पुढे गावाच्या फाट्यावर 'शाश्वत गाव' अशी पाटी लागली. त्याच उन्हाळ्यात पिण्याच्या विहिरीचा तळ दिसला. आमची तळी मात्र संत्र्याच्या बागांसाठी भरलेली. शेवटी टँकर आला, तोही माझ्याच तळ्यातून भरून. मी ऐटीत टँकरच्या नळापाशी उभा होतो. रांगेत सर दिसले, हातात बादली. ते काय विचारणार हे ठाऊक होतं. या खेपेला उत्तर पाठ करून ठेवलं होतं.

त्यांनी टँकरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बादली भरली आणि निघून गेले.

अजूनही ते माझ्याकडे येतात. चहा पुढे ठेवला की काही न विचारता गरम गरम पिऊन टाकतात.