तारेखाली आंबा नको

रविवार, ७ जुलै. घराभोवती रोपांची बॉर्डर लावली. सकाळीच मुकुंदवाडीतल्या नर्सरीतून रोपं आणली... सदाफुली, लिलीचे कंद, कोरफड, थोडा गवती चहा. मुरूम कडक होता, म्हणून वाफे आदल्या दिवशीच खणून ठेवले होते.

नाना, म्हणजे माझे वडील, मे महिन्यात गेले. अस्थी पैठणला सोडल्या, पण थोडी रक्षा घरी ठेवली होती. आमच्या गावाकडं, कन्नडजवळ, हल्ली रक्षा मातीत घालून तिथं झाड लावतात. म्हणून आत्या, नानांची धाकटी बहीण, आंब्याचं कलम घेऊन आली... एसटीत मांडीवर धरून.

आमच्या प्लॉटवरून विजेची लाइन जाते. नाना लाइनमन होते. तारेला लागणाऱ्या फांद्या तोडण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली... लोकांच्या दारातले आंबे, बदाम, सगळे. लोक चिडायचे, ते ऐकून घ्यायचे. आपल्या दारात त्यांनी कधी मोठं झाड लावलं नाही.

हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "चार-पाच वर्षं तर जाऊ दे. तोडायला येतील तवा बघू."

"नानांचं झाड कुणी तोडलेलं मला बघवणार नाही," मी म्हणाले.

मग शेणखतात रक्षा मिसळून मी सगळ्या वाफ्यांमध्ये घातली आणि त्यात रोपं लावली. आत्या पायरीवर बसून बघत होती.

"माणूस गेल्यावर झाड लावतेत बाई, भाजी नाय लावत. आता मी आले की हात कुठं जोडू? गवती चहाला?"

मला हसू आलं, तिला नाही. "तुझा बाप हट्टी, तू त्याच्या वरची," एवढं म्हणून ती आत गेली. रात्री ती नीट जेवलीही नाही. रक्षा तर मातीत गेली होती... आता परत काढता येणार नव्हती. आपण तिच्या भावावरचा तिचा हक्क डावलला की काय, असं वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी उठले तर आत्या अंथरुणात नव्हती. पुढचं दार उघडं होतं. बाहेर आले, तर ती घराच्या मागच्या बोळातून भिंतीला हात लावत येत होती. बोळ अरुंद, त्यात पाण्याचा हौद, आणि तिचे गुडघे दुखरे... पायात चप्पल नव्हती. वाफ्यांच्या कडेकडेनं तिनं घराला पूर्ण प्रदक्षिणा घातली. दाराशी येऊन हात जोडले.

मला बघून म्हणाली, "मागचा हौद हलव तेवढा. पुढच्या बारीला अडकीन मी त्यात."

कलम ती परत घेऊन गेली, शेताच्या बांधावर लावणार आहे. पण ती पुन्हा येणार आहे, एवढं मला पुरेसं आहे.

तिला बसमध्ये बसवून घरी आले. डबा भरायला घेतला... आता घरात मी एकटीच, म्हणून पोळ्या दोनच केल्या.