गल्लीत नसलेल्या बाया

मंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीत तूर पाखडत बसले होते, आणि सूपही तिचंच होतं. देऊळगाव राजाहून तिचा पुतण्या बोलत होता. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकली आणि संपलं. मी "बरं" म्हटलं.  मागे वळून पाहते तर दारात माझी सून अर्चना, पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडत होती. तिचा सख्खा काका गेला तेव्हाही एवढी रडली नव्हती. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोक्यात शंका आली. हिला एवढं काय झालं?

शंका हा माझा जुना रोग. मंदाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होती, माझ्या नातवंडांना सुया तिनंच टोचलेल्या, म्हणजे बाई काही परकी नव्हती. रिटायर झाल्यावर तिनं चार जणींना घेऊन लहानशी संस्था काढली, खेड्यातल्या लोकांच्या मनाच्या दुखण्यासाठी. शहरातली एक मोठी संस्था त्यासाठी अनुदान देत होती. आमच्या दुसरबीडला ती पहिल्यांदा आली तेव्हाच मी तोंडावर विचारलं, "मंदाबाई, सुईले पैसा भेटते, गोळ्यांले भेटते. नुसत्या बोलण्याले कोण पैसा देते? खरं सांगा, काय विकून राह्यल्या तुमी?"

"तुमचा संशय कोणी विकत घेतला असता, सुमनबाई," ती हसून म्हणाली, "तं पहिले तोच विकला असता. लई माल हाय."

तिची रीतच वेगळी होती. बोर्ड नाही, भाषण नाही. गुरुवारी दुपारी एसटीतून उतरायची ती काखेत सूप घेऊन. ज्या घरी जाईल तिथं विचारायची, "निवडाले काही हाय का?" कुणाची डाळ, कुणाचे गहू. पाच-सात जणी सुपाभोवती बसायच्या. हात गुंतले की नजर खाली राहते, आणि नजर खाली असली की बाई बोलते, असं तिचं म्हणणं. बोलायच्याही. फक्त मी जवळ गेले की सगळं बंद. लगेच कुणीतरी म्हणायचं, "यंदा डाळीत खडे लई हायत, नाही का?" मला काय समजत नव्हतं?

माझं खरं दुखणं अर्चना होती. त्या वर्षी तिचं काहीतरी बिनसलं होतं. दूध उतू जायचं आणि ही शेगडीसमोर नुसती उभी. विचारलं तर "काही नाही." मग ती गुरुवारी सुपाशी बसायला लागली आणि हळूहळू माणसात आली, एक दिवस तर चक्क गाणं गुणगुणली. सासूला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वाटायचं, तिथं बसून ही माझंच गाऱ्हाणं सांगत असणार... आणि मंदाबाई ते वहीत उतरवून शहरात पाठवत असणार.

अशात अनुदान देणाऱ्यांकडची एक बाई तपासणीला आली. पुढचं अनुदान द्यायचं की नाही, ते तिच्या अहवालावर ठरणार होतं. चहाला ती आमच्याकडे टेकली. पोरगी चांगली होती, "आजी, आजी" म्हणून बोलत होती. तिच्याजवळ गुरुवारच्या रजिस्टरच्या झेरॉक्स होत्या. आमच्या गल्लीतल्या बायांच्या सह्या, नुसती पहिली नावं. "या बायकांना भेटता येईल का?" म्हणून तिनं वाचून दाखवली. द्वारका, सत्यभामा, कुसुम, बेबी, इंदिरा...

"या नावाची एकबी बाई आमच्या गल्लीत नाही," मी म्हटलं.

नव्हतीच. पन्नास वर्षं काढलीत मी त्या गल्लीत. पण सांगताना मला बरं वाटलं, हे आज कबूल करते. इतक्या दिवसांचा संशय खरा निघाला होता. अर्चना चहा घेऊन आली होती. कप ठेवताना तिच्याकडून बशीत चहा सांडला, आणि ती तशीच मान खाली घालून आत गेली.

अनुदान बंद झालं. मंदाबाईला म्हणे संधी दिली होती, या बाया कोण, कुठल्या घरच्या, तेवढं दाखवा. तिनं नाही म्हटलं. मला ते कळलं तेव्हा मी म्हणाले, असतील तर दाखवील ना! तिच्या बरोबरच्या चौघी दुसऱ्या कामाला लागल्या, बाकीची गावं सुटली. ती मात्र आमच्याकडे गुरुवारी येतच राहिली. मला त्याचाही संशय. आता कशाला येते ही?

शेवटची भेटली तेव्हा म्हणाली, "सुमनबाई, एसटीत गर्दी हाय. सूप राहू द्या तुमच्यापाशी."

"माह्याचपाशी काऊन?"

"तुमच्या घरातून काही हलत नाही. लक्ष असते ना तुमचं."

कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवू शकले नाही.

तेरवीला मी आणि अर्चना देऊळगाव राजाला गेलो. परतताना बसमध्ये न राहवून विचारलंच, "तू काऊन एवढी रडली वं त्या दिवशी?"

 ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आत्याबाई, मले कुसुम म्हणणारं इकडं आता कोणी राह्यलं नाही."

बस चालू होती म्हणून बरं, नाहीतर मी खाली उतरले असते... तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून माझ्याच मुलानं अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, अर्चना. ते मीच निवडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात केला. आधीचं नाव आम्हीच पुसलं आणि आम्हीच विसरलो. मग एकेकीचं लग्न आठवत गेलं. द्वारका म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. सगळ्या गल्लीतल्याच, सगळी लग्नाआधीची नावं.

"सही कोणी करत नव्हतं," अर्चना सांगत होती. "घरी कळलं तं डोक्यावर परिणाम झाला म्हणतीन. मंदाबाई म्हणे, माहेरच्या नावानं करा, त्या पोरीले इथं कोण ओळखते?"

"मंग त्या दिवशी तू बोलली काऊन नाही?"

"मी बोलली असती तं बाकीच्याही उघड्या पडल्या असत्या."

"मंदाबाईले माहीत होतं का... मी सांगितलं ते?"

तिनं माझं तिकीट माझ्या हातात दिलं. "तिकीट सांभाळा," म्हणाली.

पैसे देणाऱ्यांनाही मी दोष कसा देऊ? त्यांनी माझ्यासारखंच केलं, नाव मागितलं. पण नाव सांगितल्यावर ज्या दुखण्याला घरात जागा राहत नाही, त्याचं रजिस्टर कसं ठेवायचं, हे मलाही कळत नाही. अर्चना तिथं काय बोलायची, तेही मी विचारलेलं नाही. माझ्याबद्दलच असेल. असो.

आता गुरुवारी बाया आमच्याच ओसरीत जमतात, कारण सूप इथं आहे. मी चपला घालून देवळात जाऊन बसते. कान घराकडे असतात, स्वभाव कुठं जातो? पण उठत नाही. मागच्या गुरुवारी मात्र चपला घालत होते तर अर्चनानं सूप माझ्याकडे सरकवलं.

"बसा ना, आत्याबाई. तुमचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

पहिले शंकाच आली, ही काऊन विचारून राह्यली? मग मी बसले, मूठभर डाळ पुढं ओढली, आणि खाली पाहत सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

कुसुम, द्वारका, अर्चना, अगदी गावाचंही, सगळी नावं मी इथं बदलून लिहिली आहेत. माझं लग्नाआधीचं तर लिहीतच नाही. पेपरात छापून येणार हे, कोण वाचेल काय सांगावं.