इंजनाचे सुतार

त्र्याहत्तर सालचा एप्रिल, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा शनिवार. मी चक्कीच्या पट्ट्याला राळ लावत होते. मिस्त्री आले, माझ्याकडे न बघता नव्या इंजनापाशी गेले, त्याच्या अंगावर तळवा टेकवला आणि एकदा ढकलून पाहिलं.

"ढील हाय, वहिनी."

हा त्यांचा रामराम. ते बैलगाड्यांचे सुतार. चाकात ढील राहिली की आस मोडतो, आणि आस मोडला की भरली गाडी माणसावर येते, एवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर डोक्यात ठेवली होती. मग समोर गाडी असो की नसो. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब ढकलायचे. व्याह्यांनी बसायला दिलेली खुर्ची त्यांनी उलटी करून तपासली, हे मी स्वतः पाहिलं आहे. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आपण त्याला हसतो आणि तो गेल्यावर गुपचूप खुर्ची हलवून बघतो.

वरवट बकालला आमची पिठाची चक्की. आमच्याकडचं पाणी खारं. जुन्या काळ्या इंजनाला थंड करायला तेच पाणी वापरायचो. त्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, पाणी आणखी खारट झालं आणि आतून सडलेलं इंजन एके दुपारी तडकलं. माझे यजमान लकव्याने खाटेवर. चक्की बंद म्हणजे मला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जावं लागणार, आणि मग त्यांच्या तोंडात पाणी कोण घालणार? माहेरच्या मळ्यातली विहीर कोरडी पडली होती. तिच्यावरचं डिझेल इंजन भावाने बैलगाडीत घालून आणून दिलं.

नवं इंजन हलकं आणि तेज. जुन्या इंजनाच्या ओट्यावरचे बोल्ट आणि याचे पाय जुळेनात. कसंबसं बसवलं, तर सुरू होताच ते बोकडासारखं उड्या मारू लागलं. बोल्ट तुटले, पट्टा उतरला. बाहेर बाया रेशनच्या लाल मिलो ज्वारीची गाठोडी घेऊन उन्हात बसलेल्या.

त्या शनिवारी मिस्त्रींनी बाभळीच्या दोन जाड तुळया ओट्यावर आडव्या टाकल्या आणि इंजनाचे पाय त्यांना जखडले. लोखंड कुठून आणलं? घरी त्यांची बनवून ठेवलेली चाकं पडून होती. बैलच विकले गेले तर गाडी कोण घेणार? त्या चाकांवरच्या लोखंडी धावा त्यांनी काढल्या, ठोकून सरळ केल्या आणि इंजनाला पट्ट्यांसारख्या आवळल्या. तरी थरथर राहिलीच. मग एक तिरपी तुळई इंजनापासून थेट भिंतीला लावली आणि पाचरी ठोकल्या.

"आता हालवून दाखवा, वहिनी."

इंजन दगडासारखं उभं राहिलं. मी खूश झाले. तेवढ्यात भिंतीपलीकडून यजमानांची अर्ध्या तोंडाची हाक आली.

"मिस्त्री, इंजन नाही हालून राह्यलं. माही खाट हालून राह्यली."

मिस्त्री आत गेले, खाटेला तळवा लावला, ढकलली.

"खाट ढिली हाय, भाऊ."

त्यांनी खाट दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी फळीवरची भांडी चालत चालत खाली आली. मग भिंतीला आधार म्हणून आतल्या खोलीतून पलीकडच्या भिंतीपर्यंत आणखी एक तुळई गेली, यजमानांच्या पायांवरून.

"उद्या मलेच पाचर ठोकसान," यजमान म्हणाले. मी त्या तुळईवर त्यांची धोतरं वाळत घालू लागले. जागा चांगली होती.

असं रोज चाललं. मिस्त्री सकाळी यायचे, तळवा टेकवायचे, ढील सापडायची. शेवटी मी म्हणाले, "मिस्त्री, खाली टायरचे तुकडे टाका. धक्का खाऊन घेईन ते."

"रबर?" त्यांनी पाचर खाली ठेवली. "रबरी चाकाच्या गाड्या आल्या अन् माही चाकं घरात पडली. माह्या हातानं रबर लागनार नाही."

मला वाटलं, हट्ट आहे.

त्यांच्या मजुरीचं सांगायला हवं. आमच्याकडे गाडी होती तेव्हापासून ते आमचे बलुतेदार. वर्षभर काम करायचं आणि पीक खळ्यावर आलं की धान्य न्यायचं. आता गाडी नव्हती, इंजन होतं. त्यांच्या हिशेबी फरक नव्हता. मी पिठाचं टोपलं पुढे केलं की ते बोटाने मागे सारायचे.

"खळं झालं की घेईन."

"यंदा कुठचं खळं, मिस्त्री? वावरात कुटार-भुसा बी नाही."

"मंग पुढच्या साली. सुताराचं बलुतं खळ्यावर असते. आधी घेतलं तं ते मागून खाल्ल्यासारखं होते."

"रस्त्याच्या कामावर काऊन नाही जात?"

"घन उचलून पाह्यला. नाही उचलत आता."

त्यांची बायको जायची. तिच्या मिळकतीत दोघांचं भागत नव्हतं, हे त्यांच्या गळ्याच्या हाडांवरून दिसत होतं. एक भाकर मात्र ते हक्काने घ्यायचे. ज्या दिवशी काम, त्या दिवशी मालकाच्या घरची भाकर, हा जुना रिवाज. अर्धी खायचे, अर्धी रुमालात बांधायचे.

तो रुमाल बांधताना मी पाहत होते, आणि तेव्हा मला कळलं की माझ्या घरात रोज नवी तुळई का येते. ढील सापडली तर काम. काम असलं तर भाकर. टायर टाकला असता तर दोन्ही संपलं असतं.

मी टायरचं नाव पुन्हा काढलं नाही. भाकरी जाड थापू लागले. पण भिंत ऐकणारी नव्हती. यजमानांच्या डोक्याच्या वरून एक भेग निघाली आणि रोज खाली उतरू लागली. मी खाट सरकवली, भेगही जणू तिकडे वळली. भिंत पडली तर यांचं काय, आणि तुळया काढल्या तर मिस्त्रींचं काय?

उत्तर मिस्त्रींनीच दिलं. एका सकाळी ते आत आले, भेगेत बोट घातलं, ते पेरापर्यंत गेलं. खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं आणि निघून गेले. दुपारी आले ते जुन्या टायरचे कापलेले तुकडे घेऊन. बाभळीच्या तुळयांखाली ते बसवले, बोल्ट आवळले, भिंतीच्या तुळया एकेक करून काढल्या. इंजन सुरू केलं. ते जागच्या जागी जरासं डुलत राहिलं आणि भिंत शांत.

"झालं," ते म्हणाले. "आता काई काम नाही, वहिनी."

त्या दिवशीची भाकर त्यांनी सगळीच बांधून नेली.

मग ते आले नाहीत. मी निरोप धाडला, दार ढिलं झालंय. आले, दार हलवून पाहिलं, "दार बरं हाय," म्हणून गेले. मग मी चक्कीच्या चौकटीची एक पाचर स्वतः ठोकून काढली आणि बोलावलं. त्यांनी पाचरीवरचा ताजा घाव बघितला, माझ्याकडे बघितलं, पाचर परत बसवली.

"हे काम नाही, वहिनी. हे तुमी केलं."

भाकर ताटात तशीच राहिली.

पाऊस लागला, पेरण्या झाल्या, आणि आषाढात मिस्त्री गेले. हगवण लागली होती, असं लोक म्हणाले. अंगात काही उरलंच नव्हतं, हे कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका गाडीचं सालाचं बलुतं जेवढं असतं तेवढी, दळणाच्या मोबदल्यात जमलेली लाल मिलो पोत्यात भरली, पाटीत ठेवून डोक्यावर घेतली आणि त्यांच्या दारात उतरवली.

"हे काय, बाई?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"मिस्त्रीचं बलुतं."

"खळं कुठं झालं अजून?"

"माह्या घरी झालं."

तिने मूठभर दाणे हातात घेतले. ती ज्वारी जहाजातून आलेली. आमच्या तालुक्यात तिचं एक धाटही उगवलं नव्हतं, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिने दाण्यांकडे पाहिलं, मग आतून सूप आणलं आणि निवडायला बसली.

मी रिकामी पाटी उचलली आणि चक्की सुरू करायला गेले.