अकरा खुणांची दुभाषी

सोफेवाल्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. ओठांत दहा-बारा बारीक खिळे धरून एकेक लाकडात ठोकणाऱ्या माणसाचं तोंड तसंही बोलायला मोकळं नसतं. बोलायचं ते तो हातांनी बोलायचा. त्याची बायकोही बहिरी. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर उभी राहिली की चार हात असे काही चालायचे की शेगडीवरचं दूध बिनदिक्कत उतू जायचं.

गेल्या वर्षी ती गेली आणि घरातले हात थांबले. त्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, दुकानात गिऱ्हाइकांचे सोफे पोट उघडं टाकून पडून राहिले. शेवटी पलीकडच्या गल्लीत राहणारी थोरली बहीण कंबर कसून पुढे झाली आणि त्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

ताईचा भावावर जीव फार. खुणा मात्र तिला मोजून अकरा येत: जेव, झोप, ये, जा, आंघोळ कर आणि असल्याच आणखी सहा. एवढ्या भांडवलावर ती दुभाषी झाली.

डॉक्टर पाच मिनिटं बोलत. ताई भावाकडे वळून खूण करी, "जेव." मग तो दहा मिनिटं हात हलवी, मध्येच त्याचे डोळे भरून येत. ताई सांगे, "ठीक आहे म्हणतो. पण डॉक्टर, हा बसल्या बसल्या दचकून मागे वळून बघतो हो. मागे तर कुणीच नसतं!"

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'भास?' आणि जड गोळी सुरू केली. सोफेवाला दिवसभर पेंगू लागला. एक दिवस पेंगता पेंगता जाड सुई अंगठ्यात घुसली, तेव्हा तो खडबडून जागा झाला आणि ताई डॉक्टरांना सांगते तरी काय, अशी त्याला शंका आली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "मनात कसले विचार येतात?"

ताईने खूण केली, "झोप?"

त्याने चेहरा होता तसाच दुःखी ठेवला आणि अगदी सावकाश सांगितलं, की डॉक्टरांच्या टकलावर एक बदक बसलंय, त्याने चष्मा लावलाय आणि ते ताईला डोळा मारतंय.

ताईने सुस्कारा सोडला. "झोप जरा बरी आहे म्हणतो."

त्याने डॉक्टरांचं पेन उचललं. हातांच्या भाषेत वाढलेला माणूस; कागदावर उतरेपर्यंत त्याच्या शब्दांचे प्रत्यय गळून पडत. त्याने लिहिलं: 'मी सांगितलं डॉक्टर डोकं बदक. बदक चष्मा. ताई काय बोलली?'

डॉक्टरांचा हात आपसूक टकलावर गेला. त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"बदक?" ताई ओरडली. "मला वाटलं, उशी म्हणतोय!"

डॉक्टर आधी पोट धरून हसले. मग जुने कागद उलटताना त्यांचं हसू मावळलं. "म्हणजे बाई, इतके दिवस मी तुमच्यावरच उपचार करत होतो!"

त्याच्या पुढच्या मंगळवारी डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी खरीखुरी दुभाषी बसली होती. तिने आधीच सांगून टाकलं, "या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगणार. गाळणार नाही, पदरचं घालणार नाही, बाहेर नेणार नाही."

"मोठी आली शहाणी," ताई पुटपुटली.

दुभाषीचे हात लगेच हलले. सोफेवाल्याला हसू आवरेना.

"अहो, हे कशाला सांगितलंत?"

तेही हातांतून गेलं. ताई तणतणत बाहेर बाकावर जाऊन बसली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही मागे वळून काय बघता?"

त्याने दुभाषीकडे पाहिलं. त्याचे हात उठले. "बायकोला मला हाक मारायची असली की ती जमिनीवर पाय आपटायची. हादरा माझ्या तळव्यांना कळायचा. आता रस्त्यावरून ट्रक गेला, जमीन हादरली, की मला वाटतं तिनेच बोलावलं. म्हणून वळतो."

डॉक्टरांनी 'भास?' हा शब्द खोडला आणि त्या दिवसापासून गोळी हळूहळू कमी करायला घेतली. त्यानंतर दर पंधरवड्याला तो यायचा आणि तास तासभर बायकोबद्दल बोलायचा. पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत त्याला बऱ्यापैकी झोप लागू लागली.

बाहेर ताईचा जीव मात्र टांगणीला. तिने दुभाषीला कोपऱ्यात गाठलं. "माझ्याबद्दल काय सांगतो गं तो?"

"ते मला सांगता येणार नाही. तुम्हीच विचारा त्यांना."

"अकरा खुणांत काय विचारू, कपाळ?"

"वर्ग असतात ना. शनिवारी या."

बासष्टाव्या वर्षी ताई वर्गात पहिल्या बाकावर बसली. सहा महिन्यांनी तिने भावाला विचारलं, "माझ्यावर राग आहे का तुझा?" त्याने दोन्ही बाह्या सरसावल्या. लहानपणी त्याची सायकल त्याला न विचारता हिने मैत्रिणीला देऊन टाकली होती, तिथपासून त्याने सुरुवात केली. ताईनेही माघार घेतली नाही. सायकल मोडकी होती, ब्रेक नव्हते, तू दोनदा गटारात पडला होतास, असं तिने हातवारे करकरून सुनावलं. उभ्या आयुष्यात दोघांचं हे पहिलंच धडधडीत भांडण. ते अजून मिटलेलं नाही. दर रविवारी चहा ठेवला की दोघं ते पुढे चालवतात.