नाव दोनदा लिहिलेली चिमणी

सेंदाईला जाणाऱ्या शिनकान्सेनमध्ये (वेगवान रेल्वेत) माझी लेक इरा खिडकीकडे तोंड करून बसली होती. गेल्या गणपतीत तिने व्हिडिओ कॉलवर आरती म्हटली आणि पुण्याच्या तिच्या आत्याला, म्हणजे माझ्या नणंदेला, हसू आवरेना. ‘जपानी बाहुलीच बोलतेय जणू!’ तेव्हापासून पोरीने मराठी बोलणंच सोडलं. मी काहीही विचारलं की उत्तर जपानीत. मला संताप यायचा, आणि तो इरावर नव्हता.

प्रवासाचं निमित्त होतं जियू केनक्यूचं (सुट्टीत मुलांनी स्वतः विषय निवडून करायचा अभ्यास). आम्ही राहतो त्या फुनाबोरीतल्या तिच्या मैत्रिणींनी गोगलगाय, आइस्क्रीम असे विषय घेतले. हिने निवडली दक्षिण अमेरिकेतली, मानेला तांबूस पट्टा असलेली गाणारी चिमणी. सेंदाईच्या एका संग्रहात तिचे नमुने होते.

तिथल्या संशोधक मोरी-सान यांनी ड्रॉवर ओढला. कापूस भरलेल्या चिमण्या पाठीवर झोपवलेल्या, पायांना चिठ्ठ्या. जात एकच, उपजाती वेगवेगळ्या. काही फिकट, काही गडद. अगदी दक्षिणेकडच्या चिमणीच्या डोक्यावरचे काळे पट्टे तर पुसल्यासारखे. मग त्यांनी रेकॉर्डिंग ऐकवलं. जंगलातली चिमणी शेवटची तान सावकाश घेते, माळावरची भरभर.

एका चिठ्ठीवर ‘कापेन्सिस’ हे नाव दोनदा होतं, एकदा जातीचं म्हणून आणि एकदा उपजातीचं म्हणून. इराने जपानीत विचारलं, ‘होन्मोनो (अस्सल) हीच ना? बाकीच्या बिघडलेल्या?’

‘छे! हिला नाव आधी मिळालं, एवढंच,’ मोरी-सान म्हणाल्या. ‘तेही चुकून, आफ्रिकेच्या टोकाच्या नावावरून. तिथे ही राहतही नाही. अस्सल सगळ्याच. ज्या जिथल्या, त्या तिथलं गातात.’

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाहेर आम्ही झुंदा मोची (हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण लावलेले तांदळाचे गोळे) खाल्ली. इराने माझ्यातलीही उचलली.

परतीच्या गाडीत आत्याचा व्हिडिओ कॉल आला. जागेवर बसून फोनवर बोलायचं नसतं, म्हणून आम्ही दोन डब्यांमधल्या जागेत जाऊन उभ्या राहिलो.

‘काय गं, यंदा आरती म्हणणार का आमची जपानी बाहुली?’

इराने माझ्या हातून फोन घेतला. ‘म्हणणार. अशीच म्हणणार, आत्या. तुला हसायचं तर हस.’

हे सगळं मराठीत! आणि तिथेच, दबक्या आवाजात, तिने आरती सुरू केली. आत्या हसली. इरा थांबली नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत गेली.

‘अगं, तिचे उच्चार तरी सुधार,’ नणंदबाई मला म्हणाल्या.

‘नाही सुधारणार, ताई,’ मी म्हटलं. ‘ती फुनाबोरीची आहे. आमच्याकडे आरती अशीच म्हणतात.’